गाडी सेल्फ घेत नाही

सुरतेतली लिंबायत वस्ती सपाट आहे. तापीच्या गाळावर वसलेल्या या शहरात चढ-उतार तसा नाहीच. जो आहे तो माणसाने केलेला. रेल्वेखालून जाणारं गरनाळं आणि उड्डाणपुलांचे उतार, एवढाच. ज्याच्या जुन्या ट्रकचा सेल्फ गेलाय त्याला हा सपाटपणा फार जाचतो. धुळ्याच्या रस्त्यावर, कोंडाईबारीच्या घाटात मुक्काम पडला तर ड्रायव्हर गाडीचं तोंड उताराकडे करून लावतो, चाकांना दगड देतो. सकाळी दगड काढायचे, क्लच दाबून गाडी सोडायची, वेग आला की गिअरमध्ये क्लच सोडायचा; इंजिन धरतं. लिंबायतच्या गल्लीत ही सोय नाही. इथे धक्का मारायला माणसं गोळा करावी लागतात, आणि भरलेला ट्रक दहा जणांनाही दाद देत नाही. मग एकच उपाय उरतो. गाडी दारातच उभी ठेवायची, खाली गोणपाट अंथरायचं आणि सेल्फ उतरवायचा.

कंपनीच्या पुस्तकात त्याला स्टार्टर मोटर म्हणतात. गॅरेजात, धाब्यावर आणि ट्रकवाल्याच्या घरात तो सेल्फ असतो. चावी फिरवली की क्षणभर फिरून इंजिनाला जाग आणणारा आणि लगेच बाजूला होणारा हा तांब्या-लोखंडाचा डबा रस्त्यावरच्या मालवाहतुकीच्या इतिहासात फारसा कुठे येत नाही. इतिहास लिहिला जातो इंजिनांचा, रस्त्यांचा, परमिटांचा. पण एकटा माणूस एका ट्रकच्या जोरावर घर चालवू शकला, यात या डब्याचा वाटा मोठा आहे. आणि तो उघडून दुरुस्त करता येतो, याचा वाटा त्याहून मोठा.

सेल्फच्या आधी हॅण्डल होतं. पेट्रोल इंजिनाच्या जुन्या फोर्ड, शेवरोले, फार्गो गाड्यांच्या बंपरमधल्या भोकातून लोखंडी हॅण्डल आत घालायचं आणि वर ओढायचं. ते ओढण्याचीही रीत होती. अंगठा बोटांच्या समोर घालून मूठ आवळायची नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटं झटका देतं, आणि अंगठा हॅण्डलभोवती असेल तर मनगट किंवा अंगठा मोडतो. हे काम क्लीनरचं. ड्रायव्हर होण्याआधी ज्या परीक्षा द्याव्या लागत त्यातली ही पहिली, आणि बऱ्याच जणांच्या हातांनी त्याची किंमत मोजली.

अमेरिकेत या हॅण्डलला पर्याय शोधला तो चार्ल्स केटरिंग यांनी. ते आधी ओहायोतल्या डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते आणि दुकानातल्या गल्लापेटीला त्यांनी विजेची मोटर बसवली होती. तिथे त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट पुढे निर्णायक ठरली. गल्ल्याची मोटर दिवसभर फिरत नाही. बटण दाबलं की क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचं, एवढंच तिचं काम. मोटर जर काही सेकंदच चालणार असेल तर तिच्या कुवतीच्या कितीतरी पट भार तिच्यावर टाकता येतो. तापायच्या आत ती थांबलेली असते. सतत चालेल अशी मोटर इंजिनाशेजारी बसवायची तर ती इंजिनाएवढीच अवजड झाली असती. केटरिंग यांनी कमी वेळ चालणारी, म्हणून छोटी मोटर घेतली. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांना ती पटली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत विजेचा सेल्फ आला. सुरू करताना २४ व्होल्ट आणि गाडी चालू झाल्यावर त्याच यंत्राकडून ६ व्होल्टवर बॅटरी चार्ज, अशी ती जोडणी होती. सामान्य माणसाच्या फोर्ड मॉडेल टी गाडीला सेल्फ मिळायला मात्र १९१९ उजाडलं.

त्या मूळ कल्पनेतच सेल्फच्या मरणाचं कारणही दडलेलं आहे. काही सेकंदांसाठी घडवलेलं यंत्र कुणी अर्धा मिनिट धरून ठेवलं तर ते जळणारच. जुने मिस्त्री नव्या ड्रायव्हरला सांगतात, दहा मोजायच्या आत चावी सोड, मग थोडा दम खाऊ दे. केटरिंग यांचं नाव न घेता ते केटरिंग यांचाच नियम शिकवत असतात.

दुसरी अडचण होती मोटर आणि इंजिन जोडायची. सेल्फच्या टोकाला नऊ-दहा दात्यांची छोटी पिनियन असते. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर शंभराहून जास्त दात्यांची कडी, म्हणजे रिंग गिअर. पिनियनने पुढे सरकून कडीत अडकायचं, इंजिन फिरवायचं आणि इंजिन सुरू झालं की तत्काळ सुटायचं. सुटली नाही तर इंजिन उलट सेल्फलाच दहा-बारा पट वेगाने फिरवील आणि आर्मेचरची तार उधळून टाकील. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट बेंडिक्स यांनी मळसूत्रावर सरकणारी पिनियन काढून हा प्रश्न सोडवला. १९१४ मध्ये ती शेवरोलेत बसली. पुढे यंत्रणा बदलली, एका दिशेने पकडणारा आणि दुसऱ्या दिशेने सुटणारा क्लच आला, पण भारतातल्या गॅरेजांत आजही या भागाला बेंडिक्सच म्हणतात. त्याच १९१४ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने अमेरिकेतला रशमोर कारखाना विकत घेतला आणि आख्खं आर्मेचरच पुढे सरकतं असा सेल्फ हाती घेतला. जड डिझेल इंजिनांसाठी बॉश आणि ब्रिटनच्या सीएव्हीने तो बराच काळ बनवला.

डिझेलने सगळाच हिशेब बदलला. पेट्रोल इंजिन हाताने फिरवता येई. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने तापते आणि फवारलेलं डिझेल पेटतं. एवढा दाब मनगटाने, तोही सहा सिलिंडरमध्ये, देणं अशक्यच. म्हणजे डिझेल ट्रक आला तेव्हाच सेल्फ चैनीची वस्तू उरला नाही.

भारतात डिझेल ट्रक आला तो मुख्यतः १९५४ साली. जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं करणाऱ्या टाटांच्या टेल्कोने त्या वर्षी डेम्लर-बेंझशी करार केला आणि त्याच वर्षी पहिला टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर काढला. १९६९ मध्ये करार संपला, जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला, ट्रक तसाच राहिला. मद्रासकडे अशोक लेलँड १९५५ पासून त्या नावाने उभी होतीच. गोरेगावला फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली; हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या परवान्यावर बनलेल्या त्या तीनचाकीमुळे महाराष्ट्र-गुजरातमध्ये प्रत्येक छोटी मालगाडी टेम्पो झाली, ती कुणाचीही असो. आणि मद्रासजवळच्या पाडी इथे १९६१ मध्ये ब्रिटिश लुकास आणि टीव्हीएस यांनी मिळून लुकास-टीव्हीएस काढली. सेल्फ, डायनामो आणि त्यांचे सुटे भाग देशातच बनू लागले. दुरुस्तीच्या इतिहासात टेल्कोच्या पहिल्या ट्रकइतकंच या कारखान्याला महत्त्व आहे. सुटा कार्बन, सुटा बुश, सुटी कॉइल मिळू लागल्यावरच सेल्फ ही फेकायची नव्हे, भरून वापरायची वस्तू झाली.

१९८६ मध्ये टाटाची ४०७ आली. सुरतेच्या कापडधंद्याला ही गाडी अगदी मापात बसली. लूमवरून निघालेला ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडाचा ताका डाइंग मिलमध्ये, तिथून रिंग रोडच्या मार्केटात, तिथून पार्सल होऊन ट्रान्सपोर्टच्या गोदामात. या सगळ्या फेऱ्या चार-सहा किलोमीटरच्या. लांब पल्ल्याच्या ट्रकचा सेल्फ दिवसात दोन-चार वेळा फिरतो. असल्या टेम्पोचा त्याहून कितीतरी जास्त. त्यात भर म्हणजे दोन फेऱ्यांमध्ये गाडी इतकी कमी चालते की अल्टरनेटरला बॅटरी पुन्हा पूर्ण भरायला वेळच मिळत नाही. कमजोर बॅटरीवर सेल्फ हळू फिरतो, हळू फिरणारा सेल्फ जास्त करंट ओढतो, जास्त करंटने कार्बन आणि सोलेनॉइडचे संपर्क जळतात. कापडाच्या शहरात सेल्फ का जातात, याचं उत्तर कापडाच्या फिरण्यातच आहे.

या टेम्पोंच्या आणि ट्रकांच्या स्टिअरिंगवर मराठी बोलणारे बरेच. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा या पट्ट्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती आहे. गल्लीत अहिराणी ऐकू येते, श्रावणात कानबाईचा उत्सव बसतो, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. २०१२ पासून लिंबायतच्या आमदार संगीता पाटील आहेत. लिंबायत ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येतं तिथून २००९ पासून निवडून येणारे सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मलेले. या कुटुंबांतलं कोणी लूमवर लागलं, कोणी मिलमध्ये, कोणी पार्सल बांधायला, कोणी गाडीवर क्लीनर म्हणून.

खानदेशातून सुरतेला यायची वाट मात्र या वस्त्यांहून खूप जुनी आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वेने उधन्यापासून नंदुरबार-अमळनेरकडे लोहमार्ग टाकला. त्या काळी, आणि पुढे १९६० पर्यंत, सुरत आणि पश्चिम खानदेश मुंबईच्याच कारभाराखाली होते. १ मे १९६० ला मधे सीमा आली. नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर तर ती फलाटावरूनच जाते, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. रस्त्याने पाहिलं तर सुरत, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी, साक्री, धुळे असा जुना ६ क्रमांकाचा महामार्ग. आता त्याचा क्रमांक ५३. सीमा आली तशी नाकीही आली. विक्रीकराचं नाकं, आरटीओचं नाकं, शहराच्या तोंडाशी जकात. ही नाकी उठेपर्यंत त्यांच्या रांगांमध्ये तासन्‌तास जायचे. डिझेल वाचवायला इंजिन बंद करायचं, रांग सरकली की पुन्हा सेल्फ. रांगेत एखाद्याच ट्रकचं इंजिन सतत धडधडत असेल तर बाकीचे ओळखायचे, याचा सेल्फ किंवा बॅटरी गेलीय आणि बंद करायची याची छाती होत नाही.

बॅटरी गेलेली असतानाही इंजिन चालू ठेवणं त्याला जमायचं, कारण जुन्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नव्हती. डिझेलपंप यांत्रिक, फवारे यांत्रिक. बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी गाडी कलकत्त्यापर्यंत गेली असती. बंद करायला स्टॉपची केबल ओढायची. या गाड्यांत वीज लागायची ती मुख्यतः पहिल्या काही सेकंदांसाठी आणि रात्री दिव्यांसाठी.

आता गल्लीतल्या गोणपाटाकडे.

सकाळी चावी फिरते आणि गाडी गप्प राहते. शेजारचा विचारतो, "काय व्हयनं भाऊ?" "सेल्फ घेत नही." मग आजूबाजूचे जाणते कान देतात, कारण सेल्फचा आजार आधी कानाने ओळखायचा असतो. काहीच आवाज नाही आणि दिवेही मिणमिणते, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून घट्ट केल्यावर बऱ्याच गाड्या तिथेच सुरू होतात. त्यानंतर इंजिन आणि चॅसीमधली अर्थची पट्टी पाहायची. गंजलेल्या अर्थपायी चांगले सेल्फ उतरवले गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. मीटर असेल तर सोपं: १२ व्होल्टची निरोगी बॅटरी शांतपणे १२.६ च्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर दोष बहुतेक तिचाच. भराभर टक-टक-टक असा आवाज आला तरी संशय बॅटरीवरच. एकच ठसठशीत टक होऊन पुढे काही नाही, तर सोलेनॉइडचे संपर्क जळलेत किंवा आत कार्बन संपलेत. सेल्फ सूं-सूं करत फिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्सचा क्लच घसरतोय. करकर आवाज येतो, तर रिंग गिअरचे दाते.

दात्यांची गंमत खरोखर पाहण्यासारखी आहे. इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही. कॉम्प्रेशनमुळे ते ठरावीक जागीच थांबतं. चार सिलिंडरचं इंजिन कडीवरच्या दोन जागी, सहा सिलिंडरचं तीन जागी. दर वेळी पिनियन तिथेच धडकते आणि कडी नेमकी तेवढ्याच जागी झिजते. टाटाच्या इंजिनांच्या नावातच सिलिंडर मोजलेले असतात: ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, ४९७ म्हणजे चार सिलिंडर, बोअर तोच. त्यामुळे जुन्या मिस्त्रीला कडी न बघताही ती किती ठिकाणी खाल्ली गेली असेल हे ठाऊक असतं. उपायही जुनाच. गिअरबॉक्स उतरवायचा, कडी तापवून फ्लायव्हीलवरून काढायची, उलटी करून पुन्हा तापवून बसवायची. दात्यांची दुसरी बाजू कोरी असते. हे काम मात्र गल्लीतलं नव्हे, गॅरेजचं.

सेल्फ उतरवताना पहिला पाना बॅटरीच्या निगेटिव्हवर पडतो. पॉझिटिव्हवर पाना असताना तो चॅसीला टेकला तर काहीशे अँपिअर त्यातून वाहतात आणि पाना लाल होतो. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवायची, चाकांना दगड लावायचे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे स्वतः पाहायचं. स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ फिरवून पाहायची सवय सर्रास आहे, आणि गाडी गिअरमध्ये राहिल्याने ती अंगावर आल्याचे प्रकार त्यातूनच घडतात. या एका बाबतीत घाई अजिबात नको. जड ट्रकचा सेल्फ पंधरा-वीस किलोचा. शेवटचा बोल्ट सुटतो तेव्हा खाली झोपलेल्या माणसाने एक हात त्याच्याखाली ठेवलेला असावा लागतो, नाहीतर तो सरळ छातीवर.

मग ओट्यावर तो उघडतो. मागचं झाकण काढलं की काळी, चकचकीत भुकटी सांडते, ती कार्बनची. स्प्रिंगने दाबलेले हे कार्बन आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, कम्युटेटरवर, टेकलेले असतात आणि वीज आत पोचवतात. ते निम्म्याहून कमी उरले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही. सेल्फचे कार्बन मिक्सरच्या मोटरच्या कार्बनसारखे नसतात. त्यांत तांबं मिसळलेलं असतं, कारण इतका करंट नुसत्या ग्राफाइटला झेपत नाही. म्हणून ते घासल्यावर लालसर दिसतात. बाजारात काळे कार्बन देऊन गिऱ्हाईक फसवणारे असतात आणि जाणता माणूस नखाने खरवडून बघतो.

कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काच पेपर, खड्डे पडले असतील तर लेथ. इथे एक मतभेद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाची पातळ चीप असते. डायनामोचा कम्युटेटर लेथवर घेतला की ही चीप हॅकसॉच्या ब्लेडने थोडी खोल खोदायची असते, नाहीतर अभ्रक वर येऊन कार्बन उचलून धरतं. पुष्कळ जण सेल्फलाही तेच करतात. पण लुकासच्या जुन्या कार्यपुस्तिका स्पष्ट सांगतात की सेल्फचं अभ्रक खोदायचं नाही. कार्बन कडक आणि तांबेयुक्त असल्याने अभ्रक त्याच्याबरोबर आपोआप झिजतं. उलट खोदलेल्या चरीत तांब्याची भुकटी साचली तर दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या जातात. ज्यांनी पुस्तक कधी पाहिलेलं नाही असे मिस्त्रीही "डायनामोचं खोदायचं, सेल्फचं नाही" हे पाठ असल्यासारखं सांगतात. कारखान्यातलं ज्ञान कुणा एकाकडून दुसऱ्याकडे, हातावर हात ठेवून, इथवर आलेलं आहे.

बुशचीही अशीच गोष्ट. आर्मेचरची दोन्ही टोकं कांस्याच्या बुशांमध्ये फिरतात. बुश सच्छिद्र असतो, तेल पिऊन ठेवतो. नवा बुश बसवण्याआधी पातळ इंजिन ऑइलमध्ये पूर्ण एक दिवस बुडवून ठेवायचा, असं लुकासचं सांगणं. घाईची गाडी असेल तर गरम तेलात दोन तास. हे न करता ग्रीस भरून बसवलेला बुश काही महिन्यांत खातो, आर्मेचर एका बाजूला कलतं आणि भोवतीच्या लोखंडी पोलवर घासू लागतं. उघडल्यावर आर्मेचरवर एकाच बाजूला चकाकणारा ओरखडा दिसला तर बाकी काही शोधायची गरज नसते.

आर्मेचर आतून शॉर्ट आहे का, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी ग्राउलर. व्ही आकाराच्या लोखंडी गाभ्यावर कॉइल गुंडाळलेली, ती घरच्या विजेवर चालते. त्या खाचेत आर्मेचर ठेवायचं, वरून हॅकसॉचं तुटकं ब्लेड अलगद धरायचं आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचं. तार चांगली असेल तर ब्लेड स्थिर. शॉर्ट असलेल्या खाचेवर आलं की ब्लेड थरथरत गुरगुरतं. अर्ध्या मिनिटात निकाल.

शॉर्ट निघालं तर पुढचा प्रश्न भरायचा. लिंबायत-उधन्यात लूमच्या मोटरी भरणारी दुकानं आहेत, पण ते काम वेगळं. लूमच्या थ्री-फेज मोटरीत बारीक इनॅमल तारेचे शेकडो वेढे असतात. सेल्फमध्ये जाड तांब्याच्या पट्टीचे मोजके वेढे. फील्ड कॉइलची तार सहसा जळतच नाही. तिच्यावरची सुती पट्टी कुजते आणि कॉइल बॉडीला टेकते. जुनी पट्टी सोलायची, नवी घट्ट गुंडाळायची, वार्निश पाजून वाळवायची. आर्मेचर जळलं तर बहुतेक जण जुन्या बाजारातून दुसरं आणतात.

सोलेनॉइड हा लहान भाग, आणि घरी सर्वांत जास्त वाचणारा. आत एक तांब्याची चकती असते. ती दोन जाड बोल्टांच्या डोक्यांवर आपटली की बॅटरीची वीज सेल्फला मिळते. हजारो वेळा ठिणगी उडून चकती आणि डोकी एका बाजूने खाल्ली जातात. नवा आणायला पैसे नसलेल्या कुणा माणसाने कधीतरी चकती उलटी केली आणि बोल्ट अर्धा फेरा फिरवून बसवले. कोरी बाजू समोर आली. ही युक्ती आज सगळीकडे चालते.

पावसाळ्यात या कामाला वेगळंच वळण लागतं. सेल्फ इंजिनाच्या खालच्या अंगाला बसतो, म्हणजे पाणी चढलं की आधी तोच बुडतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या वर पाणी सुटलं आणि सुरतेचा बहुतांश भाग तापीखाली गेला. लिंबायतला तापीखेरीज मिठी खाडीही आहे. जोराच्या पावसात ती पुन:पुन्हा वस्तीत शिरते. पुरातून निघालेल्या गाडीची चावी लगेच फिरवायची नसते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ आधी उतरवायचा, गाळ धुवायचा, आर्मेचर उन्हात पूर्ण सुकवायचं. बेंडिक्स मात्र रॉकेलमध्ये बुडवायचा नाही. त्याच्या क्लचमध्ये कारखान्यात भरलेलं वंगण असतं, ते धुऊन निघालं की चांगला क्लचही घसरू लागतो. पुसून घ्यायचा, एवढंच.

गेल्या काही वर्षांत सेल्फ बदलला आहे. नव्या गाड्यांत छोटी, फार वेगाने फिरणारी मोटर आणि पुढे ग्रहमाला गिअर. वजन जवळपास निम्मं. हलक्या गाड्यांत फील्ड कॉइलऐवजी कायमची चुंबकं चिकटवलेली असतात. हातोडीचा एक फटका बसला तरी त्यांना तडा जातो. पूर्वी अडकलेला सेल्फ सोडवायला हातोडीचाच हलका ठोका देत, ती सवय इथे महागात पडते. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि पंप-फवारे पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक झाले. बॅटरी पार उतरलेली असेल तर कोंडाईबारीचा उतारही या गाडीला सुरू करू शकत नाही. धक्का मारणं बंद झालं.

दुसरीकडे जुन्या गाड्यांवर वयाचं बंधन आलं. वाहन मोडीत काढण्याचं केंद्राचं धोरण १३ ऑगस्ट २०२१ ला गुजरातमधल्याच गुंतवणूकदारांच्या मेळाव्यात जाहीर झालं. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांच्या फिटनेसची फी कितीतरी पटींनी वाढली. धुराचा विचार केला तर हे धोरण टाळता येण्यासारखं नव्हतं. पण एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याच्या हातून गाडीसोबत तिची दुरुस्तीही निघून जाते, याची दखल या धोरणाच्या चर्चेत फारशी घेतली गेली नाही. नव्या टेम्पोचा सेल्फ बिघडला की आख्खा बदलायचा, जुना देऊन वर पैसे भरायचे. खोलून दुरुस्त केलेल्याची हमी कोणी घेत नाही.

तरी ४०७ अजून गल्ल्यांत आहेत, आणि त्यांच्या सेल्फचा कार्बन सेट, दोन बुश, बेंडिक्स आणि सोलेनॉइडची चकती अजून सुटी मिळते. खंडेनवमीला पान्यांची आणि गाडीची पूजा होते तेव्हा बॉनेट उघडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सण असल्याने गाडीला फेरा नसतो. वर्षभर पुढे ढकललेला सेल्फ उतरवायला मालकाला मोकळा दिवस मिळतो.